शिळे हात

सोमवार, ९ तारीख

आले एकदाची. खोली छान आहे. खिडकीशी टेबल, स्वच्छ चादर, नळाला गरम पाणी, आणि मुख्य म्हणजे आठवडाभर शेजारी घोरणारा नवरा नाही. प्रशिक्षण केंद्र खालच्याच मजल्यावर. मन अगदी प्रसन्न झालं. मग सोबतचे लोक पाहिले आणि ते उतरलं.

विषय केमोमेट्रिक्स. यंत्राने रसायनांचे ढीगभर आकडे द्यायचे, आणि त्यातून अर्थ काढायला आपण संगणकाला शिकवायचं. मी वर्षानुवर्षं हेच करतेय, पण आमच्या साहेबांना प्रमाणपत्र हवं. सोबत दोघंच. एक औषध कंपनीतला टायवाला, जो ‘सरासरी’ हा शब्दसुद्धा उतरवून घेतो. दुसऱ्या, एका डेअरीतल्या ताई, ज्या माउस असा धरतात की जणू तो चावेल.

शिकवणारे सर कडक इस्त्रीचे, मऊ आवाजाचे, अंगावर अत्तराची बाटली सांडल्यासारखे. आमच्यात जेवायला बसले नाहीत. त्यांना कमीपणा वाटत असावा. ते मी समजू शकते.

मंगळवार, १०

आज हात चालवायचं काम. काचेच्या बरण्यांत मांसाचे तुकडे: आजचे, कालचे, परवाचे, त्याआधीचे. वर सेन्सरची नळी. ती वास हुंगते आणि आकडे देते. त्यांवरून आम्ही मॉडेल बांधलं. आता कुठलाही तुकडा नळीखाली धरा, तो किती दिवसांचा ते पडद्यावर येतं. माझं मॉडेल अर्थातच नेमकं. टायवाल्याचं मॉडेल ताज्या मांसालाही आठवड्याचं ठरवत होतं.

मग त्याला विनोद सुचला. माझ्या नळीखाली त्याने स्वतःचं मनगट धरलं. शून्य दिवस. ताईंचं शून्य, माझंही शून्य. तेवढ्यात ताईंनी सरांना बाहीला धरून पुढे ओढलं. पडद्यावर आलं, एकोणीस.

आम्ही पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. म्हणाले, “मॉडेलला जे शिकवलेलं नाही, ते त्याला विचारू नये.”

मुद्दा बरोबर होता, म्हणून जास्तच राग आला. मग नळी कशी धरावी हे दाखवायला त्यांनी टायवाल्याचं मनगट पकडलं. बराच वेळ सोडलं नाही.

बुधवार, ११

टायवाल्याने पुन्हा हात पुढे केला. एक दिवस.

मी सेन्सर पुसला. ताजं मांस: शून्य. कालचं मांस: एक. टायवाल्याचा हात: एक. पुन्हा पुसला. तेच. हा मूर्ख खूश, जणू परीक्षेत गुण मिळाले. जेवणाचं ताट मात्र तसंच सारलं. भूकच नाही म्हणे. ताई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, याचे ओठ राखाडी दिसतात. मी म्हटलं, असला टाय घातला की माझेही दिसतील.

गुरुवार, १२

ताई गेल्या. सकाळी बॅग घेऊन माझ्या दारात उभ्या. मांस ठेवतात त्या थंड खोलीत बोलताना आपल्या तोंडातून वाफ येते, सरांच्या आणि टायवाल्याच्या येत नाही, असं त्यांनी पाहिलं होतं. “बाई, गाडी खाली उभी आहे. आहात तशा चला.” मी विचारलं, डेअरीत दूध तपासता की भुतं? त्यांना लागलं ते. तरी थोडा वेळ थांबल्या.

मी कशाला जाऊ? सेन्सरमधली चूक दाखवून सरांचं पितळ उघडं पाडायचं होतं मला.

दुपारी टायवाला, दोन दिवस. सरांनी धरलं तेव्हा काय वाटलं, असं मी विचारलं. म्हणाला, काही नाही, नुसतं गार. मग माझ्या हाताकडे बघत राहिला.

“मॅडम, गरम हात दिसला की राहवत नाही हो.”

आणि मनगट धरलं. मी ओरडले, ओरबाडलं. त्याच्या कातडीवर ओरखडे उठले. रक्त आलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन. म्हणाला, तुझा आवाज असा का येतोय, उद्या लेकीला घेऊन न्यायला येतो. येऊ नकोस म्हटलं. ऐकेल तर तो कसला.

शुक्रवार, १३. सकाळ

माझा हात. एक दिवस.

तीनदा पाहिलं. मॉडेल माझं आहे, म्हणजे चूक — नसणार.

आरशावर फुंकर मारली. आरसा स्वच्छच.

भूक नाही. भीतीसुद्धा हळूहळू —

नवरा फोन उचलत नाही. गाडी चालवताना उचलत नाही तो. मोठा नियमाचा माणूस.

शुक्रवार

कडी लावली. दाराला टेबल टेकवलं.

जिन्यात पावलं. छोटी, धावत येणारी. “आई, दार उघड ना!”

सांगितलं, ताप आहे, तुलाही येईल, बाबांबरोबर घरी जा. ती रडते आहे. नवरा म्हणतो, दार फोडतो. लग्न झाल्यापासून एकदा ठाम झाला नाही हा गाढव, आणि आज —

दाराखालच्या फटीतून तिने बोटं आत घातली आहेत. गुलाबी. हलताहेत. इथूनही कळतं किती गरम —

नाही. लिहीत राहायचं. हात कामात असला की — उजवा हात लिहितोय. मग डावा कुठे —