हाक कुणाला, उठलं कोण

तीर्थरूप आईस,
थोरलीचा लांबूनच नमस्कार. तब्येत ठणठणीत आहे.

मी काम काय करते, म्हणून विचारलंस. नखाएवढ्या काचेच्या चिपमध्ये रक्ताचा थेंब सोडायचा आणि त्याला आवाज द्यायचा, माणसाच्या कानाला ऐकू न येणारा. रक्तातल्या पेशी मुकाट्याने रांगेत येतात. हातही लावावा लागत नाही.

धाकटीने माझं कपाट घेतलं म्हणे. घेऊ दे, मला काय त्याचं! खिडकीजवळचा पलंगही तिलाच दिलास का? तिचा खोकला गेला का? विचारते आपलं.

परवा फोनवर माझं बोलणं अर्ध्यात तोडून तू तिला हाक मारलीस, "चल गं बाळा, जेवायला!" तिकडे ती हलली की नाही, कोण जाणे. इकडे मी मात्र खुर्चीतून उठले होते.

तुझी, तिच्या आधीची,
थोरली