साडेअकराचं ऊन

नाना, आज सकाळी सून मला म्हणाली, "आई, उन्हाचं तुम्ही नका सांगू." आवाज चढवला नाही. पोर गुणी आहे, टोचायचं ते सुईने टोचते, विळ्याने नाही. चार महिन्यांच्या नातीला घेऊन धानोऱ्याला लग्नाला जायचं होतं, आणि ती पुण्याहून आणलेल्या नळीतलं पांढरं मलम लेकराच्या गालांना लावायला बसली होती. ऊन बाधू नये म्हणून हल्ली अशी मलमं मिळतात. नळीवर हसरं बाळ छापलेलं असतं. रडणारं छापलं तर कोण विकत घेईल? मी एवढंच म्हटलं की सहा महिन्यांपर्यंत हे लावत नाहीत, इतक्या नाजूक कातडीत ते जास्त मुरतं, सावली आणि सुती कपडा हेच तिचं मलम. त्यावर ती तसं म्हणाली. मग तिने मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि त्यांनी माझंच भाष्य जरा विस्ताराने केलं. दहा ते चार उन्हात नेऊ नका, लांब बाह्यांचं पातळ झबलं घाला, रुंद काठाची टोपी घाला, बाबागाडीवर जाड कापड टाकू नका, आत भट्टी होते. सावली मिळण्यासारखीच नसेल तर आधी विचारा, मग उघड्या जागी थोडंसं लावता येईल. सुनेने नळी कपाटात ठेवली, "बरोबर होतं तुमचं" म्हणाली, आणि लेकराला स्वतःच्याच कडेवर घेऊन आत गेली. शास्त्रार्थ मी जिंकले, दक्षिणा मात्र मिळाली नाही.

तिची रजा जूनमध्ये संपते. मी शाळेतली नोकरी सोडून पुण्याला त्यांच्याकडे राहायला आणि नातीला सांभाळायला तयार आहे, हे मी मुलाला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तो "बघू" म्हणाला. काल कळलं की त्यांनी पाळणाघर पाहून ठेवलंय. कारण आपल्या घरात एक गोष्ट प्रसिद्ध आहे: मी माझ्या चार महिन्यांच्या मुलाला उन्हात ठेवून झोपी गेले. मुलगा ती चारचौघांत रंगवून सांगतो, "आईने मला पापडासारखं वाळत घातलं होतं," आणि सदरा सरकवून खांद्यावरचा पांढुरका डाग दाखवतो. सगळे हसतात. मी चहा ओतते. सूनही पूर्वी हसायची, पण आई झाल्यापासून हसत नाही. तिला दोष कसा देऊ? आणि ही गोष्ट कुणाची रचना आहे, ते माझी आई गेल्यावर आपल्या दोघांनाच माहीत होतं. आता मला एकटीलाच.

माझं पहिलं बाळंतपण, म्हणून मी माहेरी, तुमच्याकडे धानोऱ्याला. चौथा महिना लागला तसं तुम्ही निष्क्रमण काढलंत: बाळाला पहिल्यांदा घराबाहेर आणून सूर्य दाखवायचा. गावात हा संस्कार कुणी करत नव्हतं, तुम्ही पोथीतून उकरून काढलात. शेतकऱ्याचं पोर पाठशाळेत जाऊन संस्कृत शिकलं, मास्तर झालं, आणि आता घरातलं मंगलकार्य भटजीशिवाय स्वतः सांगतं, हा तुमचा ताठा होता. मला तो आवडायचा. लाज वाटते, पण अजूनही आवडतो. वेळ ठरली होती सकाळी सातची, कोवळ्या उन्हाची. पण तुम्हाला नुसता सूर्य पुरेसा नव्हता, ऐकणारा हवा होता. पाठशाळेतले तुमचे एक सोबती तेव्हा धडगावला साहेब होते. नांगर धरणाऱ्याच्या जिभेला संस्कृत पेलत नाही, हे त्यांचं एक वाक्य तुम्ही पंचवीस वर्षं उराशी जपून ठेवलं होतंत. त्यांना ऐकवायचं होतं. घाटातली जीप माणसांनी भरल्याशिवाय हलत नाही हे सातपुड्यातल्या शेळीलाही ठाऊक आहे, पण तुम्ही दर अर्ध्या तासाला ओट्यावरून रस्त्याकडे बघता आणि म्हणता, येतीलच. साहेब आले अकराला. त्यांचं चहापाणी होईस्तोवर साडेअकरा. वैशाखातले साडेअकरा, नाना, आणि तेही आपल्या तापीकाठचे.

अंगणाच्या मधोमध पाट. पाटावर दुपट्यावर माझं लेकरू, तिळाच्या तेलाने माखलेलं, अंगावर कमरेचा काळा दोरा तेवढा. तुम्ही धोतर नेसून उभे, साहेब ओसरीवर खुर्चीत. लेकरू आधी डोळे मिटून घेतं, मग रडतं, मग रडता रडता त्याचा आवाज बसत जातो. तुम्ही एकही ओळ गाळत नाही. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "पोऱ्यानं आंग लाल व्हई ऱ्हायनं. त्याले सावलीमा ल्या." घरात अहिराणी बोललेली तुम्हाला खपत नसे, 'शे' म्हटलं की 'आहे म्हण' अशी शिस्त, आणि पाहुण्यांदेखत तर नाहीच. तुम्ही हाताने तिला गप्प केलंत आणि पुढचा मंत्र धरलात. पोथीने बाळाला सूर्य दाखवायला सांगितलं होतं, नाना. बाळ भाजून दाखवायला नाही.

संध्याकाळी खांद्यावर फोड आले, अंग तव्यासारखं तापलं, दूध तोंडात घेईना. आपण जीपने नंदुरबारला निघालो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तुम्ही माझा दंड धरलात आणि सबंध आयुष्यात माझ्याशी जी भाषा बोलला नव्हतात तिच्यात बोललात. "तुले झोप लागी गयी व्हती, आसं सांगजो." त्या भाषेत तुमचा आवाज किती लहान होता. डॉक्टरांनी विचारलं, कोणी ठेवलं होतं उन्हात, इतक्या लहान मुलाला नीट घामही येत नाही, ते आतून तापत जातं. मी सांगितलं, मला झोप लागली. ते म्हणाले, "आई आहेस की कोण?" तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतात, बहुधा तिथी बघत असाल. तीन दिवस सलाईन चाललं. लेकरू वाचलं, आणि त्याच्यासोबत गोष्टही वाचली. माझ्या सासरच्यांना ती तुम्हीच सांगितलीत, वर कौतुकाने म्हणालात, आमची लहानपणापासून झोपाळू. महिन्याभराने माझ्याकडे एक मोठी काळी छत्री आली. सोबत चिठ्ठी नव्हती. तुमच्यासारख्या शब्दप्रभूने आयुष्यात एकदाच शब्द वाचवले, ते तिथे.

तुम्ही गेलात तेव्हा वाटलं, आता सांगता येईल. पण गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असंही तुम्हीच शिकवलेलं. सगळ्या बाजूंनी बंदोबस्त चोख. आज मात्र सून आत गेल्यावर मी ठरवलं, पुरे. तिला बसवून सांगायचं की मी झोपले नव्हते, हे सगळं माझ्या बापाच्या ताठ्यापायी झालं. वाक्यं जुळवली, दोनदा मनात म्हणून पाहिली. तिसऱ्यांदा म्हणताना अडले. ती विचारेल, मग तेव्हा तुम्ही कुठे होता?

मी ओसरीवर होते, सावलीत, पाटापासून चार पावलांवर. साहेबांनी विचारलं होतं, मुलीलाही येतं का हो? आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी तुमच्या सुरात सूर मिळवला. स्वच्छ, खणखणीत. लेकराचं रडणं ऐकू येत होतं, म्हणून आवाज आणखी चढवला. साहेबांनी मान डोलावली. शेवटच्या ओळीपर्यंत मी थांबले नाही.

झोप लागलेल्या आईवर सून आज ना उद्या विश्वास ठेवेलही. या दुसरीवर तिने का ठेवावा? तुम्ही दिलेलं खोटं मी इतकी वर्षं तुमच्यासाठी सांभाळलं, असं मला वाटत आलं होतं.

आता लिहिलेलं पुन्हा वाचलं, आणि दिसतंय की हे पत्र मुळात सुनेला लिहायला हवं होतं. ती शेजारच्या खोलीत आहे, जागी आहे, नातीला घेऊन बसलीय. तिने वाचलं असतं. तुम्ही वाचणार नाही, म्हणून वर तुमचं नाव घातलं.