आडवा केलेला राजा

रविवार, ४ नोव्हेंबर १९७९

हरले. म्हणजे हार मानली. माझ्याच हातानं राजा पटावर आडवा केला.

शेवटची फेरी होती. नुसता अर्धा गुण हवा होता! डाव बरोबरीत सुटला असता तरी जिल्ह्यातून पुण्याच्या महिला राज्य स्पर्धेला मीच गेले असते. आता जयसिंगपूरच्या नीलम्मा जाणार. पन्नाशीच्या बाई. भुसारी दुकान चालवतात. कपाळाला विभूती, आणि चाल करताना तोंडातल्या तोंडात कानडीत काहीतरी पुटपुटतात.

माझा राजा कोपऱ्यात अडकलेला. त्यांचं प्यादं वजीर व्हायला एक घर बाकी. भोवती माणसं दाटलेली. मागनं कुणीतरी म्हणालं, "संपलं की हिचं!" कान तापले. वाटलं, उठावं आणि इथनं जावं. राजा आडवा केला, हात मिळवला आणि चपला शोधत बाहेर पडले.

अब्बा फाटकाशी थांबले होते. सायकल हातात धरून माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आले.

सोमवार, ५ नोव्हेंबर

अम्मीनं पट माळ्यावर टाकला. तसं ठरलंच होतं — निवड झाली तर खेळ, नाहीतर बंद. "चोवीस वर्षांची झालीस, हाफिजा. टेलिफोनातली नोकरी हाय, चांगली स्थळं येतील. लाकडाच्या घोड्यांवर संसार हुतोय व्हय?"



मंगळवार, ६ नोव्हेंबर

मिरजेचा कॉल सांगलीला जोडला. शिव्या खाल्ल्या.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

दुपारी एक्स्चेंजमध्ये लाइनी थंड होत्या. बसल्या बसल्या डाव डोक्यात पहिल्यापासून मांडला. आठवायचा नाही म्हटलं तरी आठवतोच! शेवटाला आले आणि हातातली वायर हातातच राहिली.

माझ्या राजाला चाल नव्हती. माझं उरलेलं एकच प्यादं अडलेलं. हलणारा एकच, हत्ती. तो हत्ती नेऊन त्यांच्या राजाला चिकटवला असता, शह देऊन, तर? राजानं हत्ती मारला की माझ्याकडं हलवायला काहीच उरत नाही. शह नाही आणि चालही नाही — कोंडी! डाव बरोबरीत! आणि नाही मारला तर पुढच्या घरावरनं पुन्हा शह. पुन्हा. पुन्हा.

अर्धा गुण पटावरच पडला होता. मी न बघता उठून आले.

पुढच्या गिऱ्हाइकाला "नंबर प्लीज" म्हणताना आवाज फाटला.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

अब्बांना सांगितलं. ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. लग्नघरी नवरदेव तयार होईपर्यंत ताटकळत बसायचं — त्या बसण्यात ते बुद्धिबळ शिकले, आणि मग मला शिकवलं. डोळे मिटून ऐकत होते. बोटं हवेत मोहरे हलवत होती. मग म्हणाले, "बरोबर हाय तुझं. चल, त्या बाईंना दाखवू."

"कशाला? निकाल बदलणार आहे का?"

"निकाल ऱ्हाऊ दे गं. तू एकटीच कुढत बसलीयास, ते बघवंना मला."

रविवार, ११ नोव्हेंबर

जयसिंगपूरला जाऊन आलो. नीलम्मांनी दुकानातच ज्वारीच्या दोन पोत्यांवर फळी टाकून पट मांडला. मी हत्तीची चाल दाखवली. वाटलं, चकित होतील.

"मला दिसलं हुतं गं, तंगी." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. "काळीज नुसतं धडधडत हुतं. शिवाचं नाव घेत बसलेले — हिला दिसू नये, हिला दिसू नये. आन् तू राजाच झोपवलास की!"

राग आला. खूप! एक शब्द बोलायचा होता ना! पण का म्हणून बोलतील? मी बोलले असते? नाही.

मग त्यांनी डाव मागं नेला. "खरी चूक ही न्हवंच. हितं बघ." तिथं मी एक फुकटचं प्यादं खायला हत्ती पार दुसऱ्या टोकाला धाडला होता. तेवढ्यात त्यांचं प्यादं माझ्या राजाच्या उरावर येऊन बसलं. "खायला दिसलं की धावतीस तू. म्होरच्याच्या मनात काय हाय, बघतच न्हाईस."

अब्बा गालात हसत होते. घरी हेच ते चार वर्षं सांगतायत!

निघताना नीलम्मा म्हणाल्या, "पुण्याला जायच्या आधी सरावाला कुणीतरी पायजे. येशील?" मी सांगितलं — आमच्याकडचा पट माळ्यावर गेलाय.

"का?"

अब्बांनी का ते सांगितलं. बाईंनी मोहरे गोळा केले. मग म्हणाल्या, "मीच येते."

रविवार, १८ नोव्हेंबर

आल्या! स्वतःचा पट पिशवीत घालून. अम्मी दारातच उभी. पाहुणी म्हटल्यावर चहा टाकला, पण चेहरा ताठ. कपबशी ठेवताना विचारलंच, "ह्या वयात बाईमाणसानं हे... घरचे काय म्हणत न्हाईत?"

"म्हणायला कोन हाय? मालक जाऊन लई वर्सं झाली. दुकान, सुना, नातवंडं — दिसभर समद्यांचं ऐकायचं. पट मांडला की तेवढा वेळ माझं डोस्कं माझं असतंय बघा."

अम्मी भाकरी करायला आत गेली. पण भाकरी थापल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

डावात माझा घोडा गेला. हात सवयीनं राजाकडं निघाला. मागं घेतला, मांडीखाली दाबून बसले आणि बघितलं, बाईंच्या मनात काय आहे ते. लढले. शेवटी हरलेच. पण या वेळी पुरती हरले! शेवटच्या चालीपर्यंत!

का कुणास ठाऊक, छान वाटतंय.

रविवार, २ डिसेंबर

नीलम्मा पुण्यात सहाव्या आल्या. स्टँडवरनं थेट आमच्या घरी. जानेवारीत गारगोटीला स्पर्धा आहे, पुरुषांत मिसळून खेळायची. "नाव घालूया दोघींचं?" अम्मीसमोरच विचारलं. अम्मी तांदूळ निवडत होती. हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

मंगळवार, ४ डिसेंबर

ड्यूटीवरनं आले. अब्बा वरातीला गेलेले. बघते तर मधल्या खोलीत आमचाच पट, पुसून मांडलेला. हत्ती घोड्यांच्या जागी, घोडे उंटांच्या. पटासमोर अम्मी.

"बस. घोडा कसा चालतोय, तेवढं सांग. आन् हे बघ, मी आई हाय म्हणून मुद्दाम हरायचं न्हाय."