बिनसेलची शिट्टी

सोमवार, ३ मार्च
या नव्या दुकानाला खरं काय काय लागलं ते आधी लिहून टाकतो. सौ.चे माहेरचे दागिने, माझी सहा महिन्यांची झोप, आणि शेवटी रोज सकाळी एक पांढरी गोळी. भाडं वेगळं. पण आज पाटी लागली! खाली दुकान, वर आम्ही दोघं, मध्ये लाकडी जिना. कानाची मशीनं विकतो मी, पण माझे स्वतःचे कान असे की जिन्यावर कोण चढतंय ते न बघता सांगावं. सौ. डावा पाय जरा घासत चालते. मला न कळता माझ्यामागे येऊन उभं राहणं तिला या जन्मात जमायचं नाही.

पहिलं गिऱ्हाईक एक म्हातारे गृहस्थ. त्यांचं नाव मी ‘काय-म्हणालात’ ठेवलं. मशीन बसवलं, शेजारी त्यांच्या सौभाग्यवती बोलतच होत्या. दोन मिनिटं ऐकून त्यांनी मला हळूच विचारलं, परत घेता का?

गुरुवार, ६ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. उदासीचा आजार उतरणीला लागलाय म्हणाल्या. मी विचारलं, गोळी आत जाऊन करते तरी काय? त्यांनी कागदावर दोन पेशी काढल्या, मध्ये बारीक फट. अलीकडची पेशी फटीत रसायन सोडते, पलीकडचीचे रिसेप्टर ते टिपतात. गोळीमुळे रसायन फटीत जास्त वेळ टिकतं. मग काही आठवड्यांत रिसेप्टरही त्याला सरावतात, काही कमी होतात, काही मंदावतात. मी म्हटलं, म्हणजे आवाज वाढला की पेशी आपले थोडे कान मिटून घेते. त्या हसल्या. प्रकरण इतकं सरळ नाही, पण चालेल म्हणाल्या. निघताना मात्र बजावलं की गोळी मनाने बंद करायची नाही. मिटलेलं सावकाश उघडावं लागतं.

सोमवार, १० मार्च
आज गोळी जिभेखाली धरली आणि बेसिनमध्ये थुंकली. सौ.ला सांगितलं नाही. शून्यातून दुकान उभं केलेल्या माणसाने हसू मात्र गोळ्यांच्या पाकिटातून काढून घ्यायचं, हे पटेना. आणि मशीन काढलं की काय होतं ते मला कोणी शिकवायला नको. जग जरा हळू ऐकू येतं, एवढंच.

गुरुवार, १३ मार्च
डोळे फिरवले की डोक्यात ‘सर्र्’ असा आवाज येतो. विजेचा चटका बसल्यासारखा. उजवीकडे बघा, सर्र्. डावीकडे, सर्र्. स्वतःचे डोळे ऐकू येणारा माणूस गावात मीच असेन. पेशी कान उघडतायत, दुसरं काय.

शनिवार, १५ मार्च
दुपारी शटर ओढून हिशेब करत होतो. काचेच्या कपाटात एका मशीनने शिट्टी मारली. मशीन शिट्टी मारतं ते अगदी जवळ काही आलं की. तळहात, उशी, कुणाचा कान. कपाट बंद होतं. जवळ काही नव्हतं.
सगळ्यांचे सेल काढून डब्यात टाकले.

रविवार, १६ मार्च
खाली दुकानातल्या खुर्चीत डोळे मिटून बसलो. बुबुळं हलवली नाहीत, शपथ. तरी सर्र्. माझ्या डोक्यातून नाही. मागून. कुणीतरी माझ्याकडे बघायला डोळे वळवले तसं.
मागे भिंत आहे.

सोमवार, १७ मार्च
सौ.ला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, “थुंकलात ते थुंकलात. आता निदान माझ्याशी तरी खरं बोला.” डॉक्टरीणबाईंना फोन केला. अचानक बंद केल्यावर तो सर्र् काही जणांना होतो, म्हणाल्या. गोळी आजच सुरू करा, उद्या संध्याकाळी दोघं या. जीव भांड्यात पडला. म्हणजे सगळं माझ्या डोक्यातलंच. सौ.ने गोळी दिली, तोंड उघडून दाखवायला लावलं. मी दाखवलं. दोघंही हसलो.
मग खालून शिट्टी आली.
सौ.ने विचारलं — खाली काय वाजतंय?
तिलाही —

मंगळवार, १८ मार्च, सकाळ
गोळी घेतली. दुकान उघडलं नाही. सेल डब्यात आहेत, मोजले. सौ. म्हणते, इथे थांबायचं नाही, डॉक्टरकडून परस्पर भावाकडे जाऊ. ती पिशव्या भरतेय. ती सोबत आहे तोवर — नको, ते लिहायला नको.

दुपार
सौ. कोपऱ्यावर रिक्षा बघायला गेली. वर मी एकटा.
खाली पुन्हा. एक वाजलं, मग शेजारचं, मग त्याच्या — ओळीने. कुणी एकेकाला कान लावत चाललंय. ओळ जिन्याशी संपते.
थांबलं.

पायरी वाजली. डावा पाय घासत. सौ.च. लवकर परतली. देवा, सौ.च असू दे — घासत, पुन्हा घासत — हाक मारली तरी बोलत का नाही —

शेवटची पायरी. मान वर करत नाही. लिहीत राहतो —
खांद्यावर हात.
सौ.चा. ती माझ्यामागे उभी आहे, केव्हाची, पायऱ्या वाजायच्या आधीपासून. जिन्याकडे बघतेय. कितीतरी हाका मारल्या म्हणते. मला एकही ऐकू आली नाही —