रोमची मंजुरी

मी, मृणाल राजेंद्र गजभिये, वय २७, राहणार लीड्स, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव शेजारच्या खोलीत टीव्ही पाहत आहे. सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे.

१. घरसोबतीण नीना हिला काही नाही. ती साक्षीदार आहे, आणि इथल्या कायद्यात साक्षीदाराला दिलेली देणगी बारगळते. "मग माझी कढई तरी परत दे," असे ती म्हणाली. कढई तिचीच आहे.

२. माझे संशोधन रोमच्या ताब्यातल्या यहूदियाच्या मांडलिक राजांवर आहे. हेरोद राजाने मृत्युपत्र अनेकदा बदलले, तरी रोमच्या सम्राटाने मंजूर करेपर्यंत ते कच्चेच होते. आमच्या नागपूरच्या घरात रोम म्हणजे यादवराव काका, सध्या माझ्या ऑपरेशनसाठी इथे मुक्कामाला. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. पहिल्या वर्षाची फी काकांनी भरली. ते दर चौदा एप्रिलला माइकवरून सांगतात, म्हणून इथे विस्तार करत नाही. त्यांच्या सांगण्यावरून माझी अर्धी बचत त्यांना.

३. उरलेली बचत, पुस्तके, आणि एखादी देणगी बारगळल्यास तीही, धाकटी बहीण कस्तुरी हिला, इथे येऊन शिकण्यासाठी. अर्ध्या बचतीत तिचे शिक्षण होणार नाही. "अर्ध्यात लग्न होतं," असे काका म्हणाले.

४. अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील पुरे. आपल्या मरणानंतर देश रडावा म्हणून हेरोदने प्रतिष्ठित लोकांना कोंडून ठार मारण्याचा हुकूम दिला होता, असे सांगतात. त्याच्या बहिणीने त्यांना सोडून दिले. कस्तुरी, तूही रडायला बसवलेल्या चंदाबाई आत्याला वेळेवर घरी जाऊ दे.

५. दुसरे साक्षीदार म्हणून वरच्या मजल्यावरच्या शशिधर यांना बोलावले होते. काकांनी त्यांना चहा पाजून परत पाठवले.

"आपल्या घरात माझ्या सहीशिवाय कागद झालाय का?"

मी त्यांना कलम १ मधला नियम दोनदा वाचून दाखवला.

"काका, सही केलीत तर तुमचा हिस्सा जाईल."

"नागपुरात मी किती कागदांवर सह्या केल्यात, माहीत आहे? मला कायदा शिकवू नकोस. पेन दे."

मोठ्यांना उलट बोलायचे नाही, हे आईने शिकवले आहे. पेन देत आहे.

स्थळ: लीड्स
दिनांक: १७ नोव्हेंबर २००७
सही: मृणाल गजभिये

साक्षीदार, दोघेही समक्ष:
नीना रामटेके
यादवराव गजभिये. वाचले नाही. मंजूर.