मागं उभं राहणारं माणूस

सोमवार, १० नोव्हेंबर

आजपासून गाडी उलटी लावायची म्हणे! पार्किंगच्या खांबावर पाटी डकवली आहे — वाहने रिव्हर्स घेऊनच लावावीत. काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं. मी नव्हतो, नाहीतर ठरू दिलं नसतं.

तीस वर्षं एसटी चालवली. मेढा डेपो. साताऱ्याच्या स्टँडात गाडी तोंडानं सरळ फलाटाला लावायची. माणसं उतरायची, चढायची, मग कंडक्टर खाली उतरून मागं जाणार आणि त्याच्या इशाऱ्यावर गाडी मागं निघणार. विनाअपघात सेवेचा बिल्ला घेऊन रिटायर झालो. आणि आता सांगलीत पोराच्या, सूरजच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तर हे मला शिकवणार — गाडी कशी लावायची!

हे सगळं त्या सुभेदाराचं काम. जयराज पाटील, दुसरा मजला, मिलिटरीत गाड्यांवर होता. "दादासो, गाडी कायम निघायच्या तयारीत पायजे. तोंड बाहेर! हुकूम आला की स्टार्ट!" म्हटलं, सुभेदारसाहेब, विश्रामबागेत कसला हुकूम येतोय? कोथिंबीर आणायचा? हसला नाही. त्याची गाडी तोंड बाहेर काढून पहाऱ्यावर बसल्यासारखी उभी असते.

मी पाटी वाचली आणि गाडी तोंडानं सरळ आत लावली.


बुधवार, १२ नोव्हेंबर

आमची रीत सोपी आहे. मी गाडीत बसायचं, बायकोनं, मंगलनं, मागं जाऊन उभं राहायचं. डिकीवर दोन थापा म्हणजे येऊ द्या. एक थाप म्हणजे थांबा. एसटीच्या घंटीसारखंच — डबल म्हणजे चला, सिंगल म्हणजे उभी करा. आप्पासो माझ्याबरोबर कंडक्टर होता, तोही रिव्हर्सला मागून बॉडीवर अशाच थापा मारायचा. लग्न झाल्यापासून मंगलनं हे ऐकलेलं, तिला शिकवावं लागलं नाही.

आज राणी म्हणाली, "बाबा, आईंचे गुडघे दुखतात. दरवेळी त्यांना कशाला खाली न्यायचं? उलटी लावली तर सरळ निघता येईल, कुणी लागणार नाही." सून बँकेत आहे, बोलते गोड, पण बोलते नेमकं वर्मावर. मी म्हटलं, तिला तेवढाच व्यायाम! मंगल हसली. राणी नाही हसली.


शनिवार, १५ नोव्हेंबर

लाज गेली आज.

सूरजनं फार गळ घातली म्हणून गाडी उलटी लावायला गेलो. दोन खांबांच्या मधली जागा. बावन्न सीटची गाडी मेढ्याच्या घाटात फिरवलेला माणूस मी! पहिल्यांदा खांबाकडं गेली. पुढं घेतली. दुसऱ्यांदा शेजारच्या स्कूटीकडं. गॅलरीतून दोन-तीन डोकी बाहेर आली. पाचवीतली नात प्रियदर्शनी ओरडली, "आबा, डावीकडं!" कुणाची डावी, गाडीची का माझी? मान वळवायला गेलो तर ती वळतच नाही पुरती, जाम झाली आहे. हे कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटी गाडी तोंडानं घुसवली आणि दार आपटून वर आलो. सुभेदार जिन्यात भेटला. "रोज थोडी प्रॅक्टिस करू, मी येतो," म्हणाला. म्हटलं, तुमच्यासारख्यांनी मला शिकवावं एवढे दिवस आले नाहीत. त्याचा चेहरा पडला. तोही बरा माणूस आहे खरं तर.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

मंगलचा पाय मोडला. घोट्याजवळ. बाथरूममध्ये घसरली. मिरजेला नेलं, प्लॅस्टर घातलं. तीन-चार दिवस ठेवणार आहेत.


बुधवार, १९ नोव्हेंबर

काल खोटं लिहिलं. स्वतःच्या वहीत! इथं कोण वाचायला बसलंय? तरी हात धजला नाही.

ती बाथरूममध्ये घसरली नाही. मी गाडी घातली तिच्यावर.

आष्ट्याला तिच्या भावाकडं निघालो होतो. दुपारची वेळ, पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. ती मागं गेली. मी रिव्हर्स टाकला, थोडी मागं घेतली. थप्-थप्! दोन थापा ऐकल्या मी. स्वच्छ ऐकल्या. डबल म्हणजे येऊ द्या. पायानं अॅक्सिलरेटर दिला, डोक्याला विचारलंच नाही त्यानं. मग तिची किंकाळी. उतरून बघतो तर मंगल खाली, पाय गाडी आणि खांबाच्या मधे.

घाबरून दोनदा हाणलं तिनं. थांबा म्हणायचं होतं, पण माणूस घाबरलं की एकदा कुठं मारतंय, भराभर मारतंय. रिक्षात तीच म्हणाली, कण्हत कण्हत, "माजंच चुकलं. एकच मारायची हुती." आणि मिरजेला पोचायच्या आत म्हणाली, "सूरजला न्हाणीत पडले म्हणून सांगा. गाडीचं काय बोलू नका."

आणि मी नाही बोललो! डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं? ती म्हणाली, घसरले. डॉक्टरांनी नडगीवरच्या खरचटल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभा होतो. असा मी!


शनिवार, २२ नोव्हेंबर

मंगल घरी आली. सूरजनं सुट्टी काढून बाथरूममध्ये स्टीलचा दांडा बसवला. रबरी मॅट आणली. "आई, आता पडणार नाहीस तू." भिंतीला ड्रिल मारत होता, आणि मी खाली स्टूल धरून उभा. पोराच्या अंगावर सिमेंटची भुकटी पडत होती. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

रात्रीचं जेवण गेलं नाही. मंगलला वाटलं, तिच्या काळजीनं.


मंगळवार, २५ नोव्हेंबर

साताऱ्याला जाऊन आलो. एसटीनं. गाडीला हात लावावासा वाटत नाही. सूरजला वाटलं, आईला सोडून कसं काय निघाले बाबा? पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि सांगण्यासारखा आप्पासो सोडून दुसरा कुणी नाही मला.

त्याच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. डबल मारली बायकोनं, मी काय करणार, असंही सांगितलं. तो तंबाखू मळत होता, थांबला.

"तू मागं बघितलंस का न्हाई?"

"थापा ऐकल्या की मी."

"आरं, ऐकल्यास. बघितलंस का?"

मी ओट्याची कड नखानं खरवडत राहिलो.

"दादासो, तू कवाच मागं बघितलं न्हाईस गड्या. मी मागं हुतो म्हणून चाललं. एकदा स्टँडात म्हातारी आडवी आली, मी एवढ्या मोठ्यानं बोंबललो, तवा थांबलास. इसरलास?"

विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. बिल्ला मला मिळाला आणि बघायचं काम त्यानं केलं. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, आजही नसतं दाखवलं. चहा घेऊन निघालो तर मागून म्हणाला, "पोराला सांग जा. पोटात ठिवू नगंस."

येताना कऱ्हाडच्या पुढं गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली. लवकर घरी पोचायला नको असं पहिल्यांदा वाटलं.


गुरुवार, २७ नोव्हेंबर

सांगणार होतो. काल नाही सांगितलं. आज सकाळी सांगणार, तेवढ्यात हे.

बयाबाई आमच्याकडं धुणं-भांडी-फरशी करते. राणीनं तिला विचारलं, त्या दिवशी बाथरूममध्ये साबणाचं पाणी तसंच ठेवून गेला होतात ना? बयाबाई म्हणाली, "न्हाई वो ताई, म्या कोरडी केली हुती. लेकराची आन." राणी म्हणाली, "मग आई कशा घसरल्या? त्यांचं वय आहे, काही कमी-जास्त झालं असतं तर?" आवाज चढला. शेवटी म्हणाली, "उद्यापासून नका येऊ. बघते मी दुसरी कुणी."

मी समोर पेपर धरून बसलो होतो. समोर!

बयाबाईनं माझ्याकडं बघितलं. "दादा, तुमी तरी सांगा. तुमी हुता की घरात. फरशी वली हुती का?" मी म्हटलं, "मला काही माहीत नाही." एवढंच बोलायला तोंड उघडलं मी. ती चपला घालून गेली. आत मंगल पलंगावर, तिला सगळं ऐकू गेलं असणार. तिनंही हाक मारली नाही. माझ्यासाठीच.

एसटीत कुणी फुकट्या सापडला तर मी कंडक्टरच्या बाजूनं उभा राहायचो, खोटं खपवून घेत नव्हतो. असं मी सगळ्यांना सांगत आलोय. थू!


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सांगितलं.

सूरज आणि राणी चहा घेत होते. उभ्यानंच सांगितलं, बसलो असतो तर जमलं नसतं. गाडी मागं घेत होतो, आई मागं होती, तिनं डबल मारली, मी समजलो येऊ द्या. बयाबाईचा काही संबंध नाही.

सूरजनं कप खाली ठेवला. नुसता बाथरूमच्या दाराकडं बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. राणी रडली — माझ्यासाठी नाही, बयाबाईसाठी. लगेच स्कूटी काढून तिच्या घरी गेली. तासाभरानं दोघी आल्या. मी बयाबाईपुढं हात जोडले. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "असू द्या दादा. व्हतंय." काय होतंय? काही होत नाही असं. पण तिनं मला सोडवलं.

नंतर सूरज जवळ आला. "बाबा, चूक दोघांची झाली. तिनं एकदा मारली असती तर तुम्ही थांबला असता. आता तिला मागं उभी करायची नाही. उलटी लावायला शिका, मग गाडी तुमचीच." मी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं. पोरगा माझ्यापेक्षा मोठा झाला.

आतून मंगलनं सगळं ऐकलं. मी गेलो तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडली होती. म्हटलं, बरं वाटलं बघ सांगून. ती "हं" म्हणाली.


रविवार, ३० नोव्हेंबर

सुभेदाराचे पाय धरायचेच बाकी ठेवले. मानेचंही सांगून टाकलं. काल आणि आज दोन्ही दिवस तो माझ्याबरोबर खाली होता. त्यानं तेलाचे रिकामे डबे मांडले, आरसे नीट करून दिले. "मान वळत न्हाई तर आरशावर चाला. आधी उतरायचं, मागं चक्कर मारायची, मग बसायचं. आमच्याकडं रूलच हाय तो." गाडीला चक्कर मारणं! तीस वर्षांत मी टायर बघायला फिरलो, माणूस बघायला नाही.

दुपारी एकदाही न अडखळता गाडी दोन खांबांच्या मधे गेली. तोंड बाहेर. सुभेदारानं सलाम ठोकला, मीही ठोकला. गॅलरीतून प्रियदर्शनीनं टाळ्या वाजवल्या.

उद्यापासून तिला शाळेत मी सोडणार. सूरज स्वतःहून म्हणाला. राणीही हो म्हणाली, थोडं थांबून. किती दिवसांनी पोटभर जेवलो. मंगलला सांगितलं, तू तेवढी बरी हो, आष्ट्याला जाऊ, तुला मागं उभं राहायला नको आता. मंगलनं पांघरूण ओढून घेतलं. दोन दिवस गप्पच आहे. पाय ठणकत असेल.


सोमवार, १ डिसेंबर

सकाळी किल्ली घेतली आणि निघालो तर मंगलनं हाक मारली. "आवं, हिकडं या. दार लावा." मग सांगितलं, माझ्याकडं न बघता.

"मी थापा मारल्याच न्हवत्या. हात उचलायला कुठं सवड दिली तुमी? तुमी ऐकलंसा, त्यो पयला आवाज गाडी मला लागली त्येचा. दुसरा मी पडताना डिकीवर कोपर आपटलं त्येचा. पोरीला गाडीत घालायच्या आदी तुमाला म्हाईत असावं."

मी म्हटलं, मग इतके दिवस स्वतःची चूक का म्हणत राहिलीस?

"रिक्षात तुमी सारखं इचारत हुता — दोनदा मारलंस न्हवं? दोनदाच मारलंस न्हवं? न्हाई कसं म्हणू?"