दोन डब्यांचे मणी

माझ्या माये,

उद्या सकाळी प्रणालीला घेऊन गडचिरोलीला निघायचंय. डॉक्टरीण बाईंनी सांगितलंय, कळांची वाट पाहत घरी बसू नका, आधीच येऊन भरती व्हा. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. जावई गाडी सांगून आले. सगळं झालं, फक्त बाळाच्या मनगटात बांधायची वेणी अर्धवट पडली आहे, आणि ती पुढे घालायला माझा हात धजत नाही. म्हणून तुला लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू?

तुझ्या नातीचा हट्ट तुला ठाऊक आहे. बाजारातली तयार मनगटी नको, आजीच्या उरलेल्या मण्यांचीच पाहिजे. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळं संपलं, तेव्हापासून ती काही मागतच नव्हती गं. आता तिनं तोंड उघडून एक गोष्ट मागितली, तर मी नाही कशी म्हणू?

तू गेल्यापासून तुझे दोन्ही डबे मी फळीवर जसेच्या तसे ठेवले होते. एक बिस्किटाचा, दुसरा तेलाचा. बायकांच्या मंगळसूत्राच्या पोती नव्यानं ओवून दिल्यावर जे चार मणी उरायचे, ते बिस्किटाच्या डब्यात. त्या मण्यांच्या तू गावभरच्या लेकरांसाठी वेण्या घातल्यास. मेण लावलेला दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून बसायचीस, चार पदर एकमेकांवरून जाताना दर वेढ्याला एक मणी आत सरकवायचीस, आणि शेवटी दोऱ्याचं टोक काडीनं जाळून चिकटवायचीस. मी मध्येच बोलले की म्हणायचीस, "चूप बस, माया पदर चुकते!"

आणि तेलाचा डबा? नवरा गेलेल्या बायका सोनं काढून घ्यायच्या आणि काळे मणी तुझ्याकडे आणून द्यायच्या. घरात ठेववत नव्हते, फेकवत नव्हते. तू काही न विचारता घ्यायचीस. त्या डब्याला मला कधी हात लावू दिला नाहीस.

परवा मी विहिरीवरून आले तर प्रणाली पाय पसरून बसलेली, पुढ्यात सूप, आणि सुपात दोन्ही डबे ओतलेले! "पाह्य आई, किती मणी हायेत आजीचे," म्हणाली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा फुललेला पाहिला. मी घागर खाली ठेवली. काळा मणी काळ्या मण्यात गेला. कोणता कुठला, तुलाही ओळखता आला नसता.

मी शिकलेली बाई आहे, माय. मण्यानं काही होत नाही, हे मी दुसऱ्याला सांगत आले. पण प्रश्न प्रणालीच्या पोटचा आला आणि माझं सगळं शहाणपण कुठे पळालं कोण जाणे! वेणी घालायला बसले की प्रत्येक मण्यापाशी बोट अडायचं. हा कोणाचा असेल? हा तर नसेल ना त्यातला? घातलेली उसवायची, पुन्हा घालायची. गुपचूप बाजारातून नवे मणी आणावेत, असंही मनात येऊन गेलं. पण ते तिला फसवणं झालं असतं.

आज दुपारी शेजारच्या लीलाबाई शिंगाडे घेऊन आल्या. मला सुपात डोकं घालून बसलेली पाहून हसल्या. "काऊन वं सुनंदा, मणी निवडून राह्यली का तांदूळ?"

मी हळू आवाजात खरं ते सांगितलं. सांगून झाल्यावर आठवलं, नवरा गेल्यावर त्यांनीही आपले मणी तुझ्याच हाती दिले होते. जीभ चावली, पण उपयोग काय?

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सुपात हात घातला, ओंजळभर मणी वर घेतले. "यातले माये मणी कोनते, सांग. हे मणी गळ्यात घालून मी संसार केला. दोन लेकरं झाली, दोघंबी धडधाकट. मालक पोटाच्या दुखण्यानं गेला. मण्यांनं काय केलं त्याले?"

त्यांनी मणी पुन्हा सुपात सोडले.

"आन् तुया मायचेबी याच्यातच हायेत. मायासमोर टाकले तिनं डब्यात. तू लहान होती तवा."

माय, हे तू मला कधी सांगितलं नाहीस! दरवर्षी मार्कंड्याच्या जत्रेत मणी विकायला वैनगंगेच्या काठी बसायचीस. तिथे पाण्यात सोडता आले असते ना? का नाही सोडलेस? बाबांची आठवण म्हणून, की इतर बायकांचे ठेवले तर आपलेही ठेवावेत म्हणून? आणि तुझ्या हातची वेणी सगळ्यांना चालायची, पण बारशाला ती बांधायला तू पुढे झालेली मी पाहिली नाही. प्रणालीच्या बारशालासुद्धा मी हाक मारली तरी तू जागची उठली नाहीस. त्याचा राग आज येतोय मला. तुझाही, आणि तुला तसं बसायला शिकवणाऱ्या सगळ्यांचाही.

दारात प्रणाली उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आता ही काय म्हणेल? सूप लाथाडेल की रडेल? ती भिंतीला धरून सावकाश खाली बसली.

"आजीचे कोनते, ओळखू येत नाई?"

"नाई वं."

"मंग एकबी मणी बाजूले काढू नको."

एवढंच बोलली आणि लीलाबाईंनी आणलेले शिंगाडे सोलायला लागली.

वेणी आज पुरी करते, माय. भीती गेली असं तुला खोटं लिहिणार नाही. बाळ जरा वेळ हललं नाही की प्रणाली माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघते, आणि दोघी तिच्या पोटावर हात ठेवतो. पण तुला वचन देते, बारशाला ही वेणी लीलाबाईच बांधतील, सगळ्यांच्या देखत. त्या मागे सरल्या तर हाताला धरून पुढे आणीन. कुणी तोंड वाकडं केलं तर त्याच्याशी मी बघून घेईन.

फक्त बांधायला ते मनगट असू दे, माय. एवढंसं, गरम, रडून रडून लाल झालेलं मनगट असू दे.

तुझीच,
सुनंदा